‘तो काही करत नाही’ एवढ्याने भागत नाही : सोसायटीत रॉटवायलर पाळणाऱ्यांसाठी

लिफ्टचं दार उघडतं. आत चौथ्या मजल्यावरच्या आजी, बाहेर तुम्ही आणि तुमच्या हातात पंचेचाळीस किलोचा काळा-तपकिरी रॉटवायलर. आजी कोपऱ्यात सरकतात. तुम्ही हसून म्हणता, "घाबरू नका, तो काही करत नाही."

हे वाक्य खरं असेलही, पण ते पडताळून पाहायला आजींकडे काहीच नाही. त्यांना दिसतो तो पुढे ओढणारा कुत्रा, मागे तोल सावरणारा माणूस आणि ताणलेला पट्टा. रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड किंवा पिटबुल पाळणाऱ्या नवख्या मालकांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. शेजाऱ्यांचं मत वाद घालून बदलत नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये आणि दारात त्यांना रोज जे दिसतं, त्यावरून ते बनतं. खालची सगळी माहिती रॉटवायलर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. इतर मोठ्या ब्रीडनाही ती जवळपास तशीच लागू पडते.

भीतीत तथ्य किती?

भीती हवेतून आलेली नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला आणि ती बातमी देशभर पोचली. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून तेवीस ब्रीडच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. त्या यादीत रॉटवायलर होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी हे पत्र रद्दबातल ठरवलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता असा निर्णय घेता येत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पत्र रद्द झालं, पण ‘सरकारने बंदी घातलेला कुत्रा’ ही ओळख व्हॉट्सअ‍ॅपवर तशीच फिरत राहिली. शिवाय काही शहरांचे आणि राज्यांचे स्वतःचे नियम वेगळे आहेत. म्हणून पिल्लू ठरवण्याआधी आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत जाऊन सध्याचा नियम विचारावा.

ब्रीडवरून स्वभाव किती कळतो? २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून घेतलेली माहिती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुकीय नमुने यांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं उत्तर ब्रीडमधून सुमारे ९ टक्केच मिळतं, असं त्यात दिसलं. कुत्रा किती पटकन चिडतो, याबाबतीत तर ब्रीड जवळजवळ काहीच सांगत नाही.

मात्र हा आकडा शेजाऱ्यांच्या तोंडावर फेकू नका. ब्रीडवरून स्वभाव कळत नसला तरी शरीर कळतं. पाच किलोच्या पॉमेरेनियनची चूक मलमपट्टीवर निभावते. रॉटवायलरची तेवढीच चूक टाक्यांपर्यंत जाते. मोठा जबडा असलेल्या कुत्र्याच्या मालकावर जास्त जबाबदारी टाकणं रास्तच आहे, आणि ती आपण होऊन घेणारा मालकच पुढे विश्वास कमावतो.

काही समजुती मात्र साफ खोट्या आहेत आणि त्या शांतपणे खोडाव्यात. ‘डॉबरमनचा मेंदू कवटीपेक्षा मोठा होतो आणि मग तो मालकावर उलटतो’ ही आपल्याकडची सगळ्यात चिवट अफवा. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याचा मेंदू वाढत राहत नाही. पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होत नाही. तशी कोणतीही रचना त्याच्या हाडांत नाही. कच्चं मांस खाल्ल्याने कुत्रा रक्ताला चटावत नाही (पोट बिघडू शकतं, तो प्रश्न वेगळा). आणि रॉटवायलर हा माणसं फाडायला तयार केलेला कुत्रा नाही. नैऋत्य जर्मनीतल्या रॉटवाइल गावाभोवती गुरं हाकणं आणि खाटकांच्या गाड्या ओढणं हे त्याचं काम होतं. गुरं हाकणारा कुत्रा अंगाने रेटतो, धक्का देतो, वाट अडवतो. घरातही तो माणसाला टेकून उभा राहतो, पाहुण्याला ढकलतो. अनोळखी माणसाला हा हल्ला वाटतो, म्हणून हे रेटणं पिल्लू असतानाच थांबवावं लागतं.

पिल्लू निवडताना

आईला भेटल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. आई अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात दडत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरा. भित्रेपणा रक्तातून येतोच आणि आईच्या वागण्यातूनही उचलला जातो. चावणारे बरेच कुत्रे मुळात घाबरलेले असतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना चावा किती हलका ठेवायचा, हे ते याच काळात शिकतं. दोन्ही पालकांच्या खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे मागा. रॉटवायलरमध्ये खुबा आणि कोपर यांचे दोष वारंवार दिसतात, आणि दुखणारा कुत्रा चिडका होतो.

शेपटी कापलेलं पिल्लू नको म्हणा. ही क्रूरता आहेच, पण व्यवहारातही तोटा आहे. कुत्र्याच्या मनात काय चाललंय हे लोक शेपटीवरून ओळखतात. शेपटीच नसेल तर आनंदाने नाचणारा कुत्राही त्यांना अंगावर येणाराच वाटतो.

कुत्रा पाळायचं कारण ‘लोकांनी घाबरावं’ हे असेल तर हा लेख वाचणं इथेच थांबवावं. टोकदार खिळ्यांचा पट्टा, ‘किलर’ असं नाव, दाराजवळ दिवसभर साखळीला बांधून ठेवणं यातून शेजाऱ्यांची भीती वाढते आणि कुत्राही बिघडतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचा मार्ग नसतो, त्यामुळे जवळ येणाऱ्या प्रत्येकाला भुंकून हाकलायला तो शिकतो. दोन वर्षांनी मालक म्हणतो, ‘ब्रीडच तसलं.’

पहिले सोळा आठवडे

जग सुरक्षित आहे की नाही, याचा हिशेब पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात मांडतं. लसीकरणही याच काळात चालू असतं आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चार महिन्यांपर्यंत, पिल्लू घरात कोंडलं तर ही संधी हातची निघून जाते.

यातून मधला मार्ग असा. डिस्टेंपर आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात; रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांना. तोवर पिल्लाला जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. रॉटवायलरचं पिल्लू दहा आठवड्यांत जड होतं, तेव्हा पुढे लावायची कापडी झोळी कामाला येते. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा घातलेल्या बाई, शाळेच्या बसमधून उतरणारी मुलं, कुकरची शिटी, रिक्षा. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर वाटाण्याएवढा खाऊ द्या. पिल्लू खाऊ घेत नसेल तर ते घाबरलंय. तिथे थांबू नका, वीस पावलं मागे या आणि लांबून दाखवा.

प्रत्येकाने पिल्लाला हात लावलाच पाहिजे, ही चुकीची समजूत आहे. उलट त्यातून प्रत्येक माणसाकडे धावत जायची सवय लागते. पाच महिन्यांच्या पिल्लाचं लोक कौतुक करतात; तेच वर्षभराने झालं की पोलीस ठाण्यात तक्रार जाते. दहा माणसांपैकी दोघांनी हात लावावा, आठजण नुसते शेजारून जावेत.

दार

सोसायटीतल्या तक्रारींची सुरुवात बहुतेक वेळा दारात होते. बेल वाजते, कोणीतरी दार उघडतं, कुत्रा पायांमधून बाहेर सटकतो आणि समोर पार्सल घेऊन उभा असलेला मुलगा जिन्यावरून पळतो. पळणाऱ्यामागे कुत्रा धावणारच. यावर दोन उपाय, आणि दोन्ही लागतात.

पहिला अडथळ्याचा. मुख्य दाराच्या आत लोखंडी जाळीचं सेफ्टी दार असेल तर उत्तम. नसेल तर पॅसेजमध्ये छातीएवढं उंच फाटक बसवा. आधी फाटक लावायचं, मग दार उघडायचं, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्या आलेल्या मामालाही लागू.

दुसरा शिकवणीचा. दारापासून तीन मीटरवर एक चटई टाका. पहिले दोन दिवस फक्त चटईवर खाऊ टाकायचा. कुत्रा तिथे गेला की आणखी द्यायचा. मग बसल्यावर पाच सेकंद, दहा सेकंद, तीस सेकंद थांबून द्या. त्यानंतर घरातल्याच कोणाला बाहेर पाठवून दारावर हळू टकटक करायला लावा. पुढची पायरी कडी वाजवण्याची, मग दार वीतभर उघडण्याची, मग पूर्ण उघडण्याची, शेवटी दारात माणूस उभा राहण्याची. प्रत्येक पायरी दहादा करा. आठ वेळा कुत्रा चटईवर राहिला तरच पुढे जा. पाचदा उठला तर पायरी फार मोठी घेतली, अर्धी करा. बेल सगळ्यात शेवटी, कारण बेलवर उसळायची सवय आधीच लागलेली असते. रोज दहा मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत दार शांत होतं.

कामाला येणाऱ्या मावशींचा विचार इथेच करायला हवा. कुत्र्याची भीती वाटते हे त्या सांगतीलच असं नाही, कारण काम जाण्याची भीती जास्त असते. त्यांना ‘हात लावून बघा, सवय होईल’ म्हणू नका. त्या यायच्या आधी कुत्रा दुसऱ्या खोलीत, दाराला कडी. त्यांनी आपण होऊन ओळख करून घ्यायची इच्छा दाखवली तर आणि तरच पुढचं.

पट्टा, जिना, लिफ्ट

सहा फुटी साधा नायलॉनचा किंवा चामड्याचा पट्टा घ्या. बटण दाबून लांब होणारा पट्टा या वजनाला चालत नाही. दोरी तुटते किंवा हातातला डबा निसटतो. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस (अंगाभोवती बांधायचा पट्टा) घ्या, म्हणजे कुत्रा ओढू लागला की आपोआप तुमच्याकडे वळतो. हार्नेसची पुढची कडी आणि गळपट्टा यांना जोडणारी छोटी दुहेरी कडी लावा. एक निसटलं तरी दुसरं धरून ठेवतं. गळा आवळणारी साखळी किंवा काटेरी पट्टा नको. शेजारची मुलगी दिसली की गळ्याला कळ, असं चार वेळा झालं की कुत्रा त्या मुलीलाच कळेचं कारण समजतो.

ज्याला कुत्रा अंगाने आवरत नाही, त्याने एकट्याने फिरवायला नेऊ नये. मोठा रॉटवायलर पन्नास किलोच्याही पुढे जातो. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात पट्टा देणं कौतुकाचं वाटतं, पण त्याला तो झटका पेलणार नाही.

लिफ्टमध्ये कोणी असेल तर शिरू नका; "तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो" म्हणा. आत तुम्ही असाल आणि मधल्या मजल्यावर दार उघडलं, तर कुत्रा मागच्या कोपऱ्यात बसलेला, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये आणि पट्टा आखूड पण सैल. येणाऱ्याला विचारा, त्यांनी नको म्हटलं तर तेच ऐका. जिन्याच्या वळणावर आधी तुम्ही, मग कुत्रा. वळणावर अचानक माणूस समोर आला की दोघंही दचकतात, आणि दचकलेला कुत्रा काय करेल याची खात्री त्याच्या मालकालाही नसते.

गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचा घोळका दिसला की रस्ता बदला. घोळका जवळ आलाच तर मूठभर बिस्किटं त्यांच्या दिशेने फेका आणि उलट फिरून चालू लागा. पळू नका, पट्टा आवळून कुत्र्याला उंच ओढू नका. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत बाहेर पडा. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पायही भाजतात, आणि तापलेला, थकलेला कुत्रा लवकर चिडतो.

मुसकं

मुसकं घातलेला कुत्रा धोकादायक, असं लोक समजतात आणि म्हणूनच मालक ते टाळतात. तरीही मोठ्या कुत्र्याला मुसक्याची सवय हवीच. व्हेटकडे, गर्दीत, रेल्वे प्रवासात आणि जखमी झाल्यावर ते लागतं, कारण वेदनेत असलेला कुत्रा घरच्यांनाही चावतो. नियमांविषयी सांगायचं तर, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही आणि मुसक्याची सक्तीही करू शकत नाही. सामाईक जागेत पट्टा मात्र मागू शकते. सोसायटीची सक्ती नाही म्हणून शिकवायचंच नाही, असा अर्थ काढू नये.

कापडी नळीचं मुसकं विकत घेऊ नका. त्यात तोंड मिटलेलं राहतं, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. आपल्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं. जाळीची टोपली घ्या. नाकापुढे दोन सेंटीमीटर मोकळी जागा हवी, आत तोंड पुरेसं उघडता यायला हवं, जाळीतून पाणी पिता आणि खाऊ घेता यायला हवा.

पहिले तीन दिवस टोपलीच्या तळाशी दही किंवा चीज लावून ती हातात धरा. कुत्र्याने स्वतः नाक घालायचं, तुम्ही टोपली त्याच्याकडे न्यायची नाही. चौथ्या दिवसापासून नाक आत असताना जाळीतून खाऊ द्या, दोन सेकंदांवरून दहा सेकंदांवर न्या. दुसऱ्या आठवड्यात पट्टे मानेवर नुसते टेकवा, मग बांधून लगेच सोडा. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट, पाच मिनिटं, घरातल्या घरात चाल. चौथ्या आठवड्यात बाहेर. पंजाने ओरबाडून काढायला लागला तर तेव्हाच काढू नका, नाहीतर ओरबाडल्याने सुटतं हे तो शिकतो. चार पावलं चालवा, लक्ष वळवा, शांत झाला की काढा आणि पुढच्या वेळी अर्धाच वेळ ठेवा. फक्त इंजेक्शनच्या दिवशी मुसकं कपाटातून बाहेर काढलं तर ते पाहूनच कुत्रा पलंगाखाली जाईल. मधून मधून कारण नसतानाही घाला आणि लगेच आवडतं जेवण द्या.

शेजाऱ्यांशी

कुत्रा घरी आला त्याच आठवड्यात सेक्रेटरींना एक पानी पत्र द्या. त्यात कुत्र्याचं नाव, फोटो, वय, महापालिकेच्या परवान्याचा क्रमांक, रेबीज लसीची पुढची तारीख, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा पंधरा आकडी क्रमांक, घरातल्या दोघांचे फोन आणि फिरायला नेण्याच्या वेळा लिहा. वेळा कळल्या की घाबरणारा माणूस स्वतःची वेळ ठरवू शकतो, आणि भीती निम्मी होते ती इथे. परवान्याची आणि लसीची प्रत मोबाइलमध्येही ठेवा.

तक्रार आली तर कायद्याने उत्तर सुरू करू नका. "तुम्हाला नेमका कुठे त्रास झाला?" हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा अगदी छोटं असतं. रात्री अकराला भुंकतो. जिन्यात केस पडतात. मुलगी क्लासहून येते तेव्हाच तुम्ही खाली असता. यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात बदला आणि बदलल्याचं सांगा. शीसाठी खिशात दोन पिशव्या कायम असाव्यात. या एका गोष्टीवरून मोठ्या ब्रीडच्या मालकांविषयी जितकी मतं बनतात तितकी चावण्यावरूनही बनत नसतील.

मुलांना कुत्र्याला हात लावायचा असेल तर कुत्रा बसलेला हवा, मूल बाजूने यावं, हात डोक्यावरून न नेता छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद आणि मग थांबावं. कुत्रा आपण होऊन जवळ सरकला तर आणखी तीन सेकंद. त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसला किंवा अंग गोठल्यासारखं ताठ झालं, तर "आता त्याला झोप येतेय" म्हणून लांब न्या. गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद केली की कुत्रा सूचना न देता चावतो, आणि मग लोक म्हणतात ‘अचानक उलटला’. घरचं मूल असो की पाहुण्यांचं, कुत्र्यासोबत मोठ्या माणसाशिवाय एक मिनिटही ठेवू नका.

विसर्जनाचे ढोल, दहीहंडी आणि दिवाळीचे फटाके या दिवसांत कुत्र्याला खाली नेऊन ‘सवय लावायला’ जाऊ नका. अंधार पडायच्या आत फिरवून आणा, आतली खोली, पंखा, टीव्हीचा आवाज, चघळायला हाड किंवा खेळणं. बिथरलेला कुत्रा दार उघडं मिळताच पळतो, म्हणून गळपट्ट्यावर फोन नंबर हवा.

शांत कुत्रा काही दिवसांत चिडका झाला तर ट्रेनरच्या आधी व्हेट. खुबा, कान, दात, थायरॉइड तपासून घ्या. नसबंदीने आक्रमकपणा आपोआप जातो असं नाही; मोठ्या ब्रीडमध्ये ती कधी करावी हे सांध्यांचा विचार करून व्हेटशी ठरवा. ‘दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवा, सुधारून देतो’ म्हणणाऱ्या आणि तुम्हाला शिकवणी बघू न देणाऱ्या ट्रेनरकडे कुत्रा सोपवू नका.

चावलाच तर

आधी कुत्र्याला खोलीत बंद करा, मग माणसाकडे वळा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्यांच्याबरोबर स्वतः दवाखान्यात जा, लसीचं कार्ड सोबत न्या. तुमच्या कुत्र्याची लस झालेली असली तरी पुढचा निर्णय डॉक्टरांचा. सरकारी दवाखान्यात त्वचेत दिली जाणारी रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते आणि कातडी फुटून रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देखील देतात. खर्च तुमचा, हे त्यांनी मागायच्या आधी बोला. निष्काळजीपणे जनावर सांभाळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, तेव्हा घडलेलं लपवू नका.

कुत्र्याला दहा दिवस घरात नजरेखाली ठेवा आणि व्हेटला दाखवा. त्या दहा दिवसांत कागदावर लिहून काढा: कोण कुठे उभं होतं, पट्टा कोणाच्या हातात होता, चावण्याआधी कुत्रा ताठ झाला होता का, त्या दिवशी काय वेगळं होतं. अकराव्या दिवसापासून इमारतीच्या आवारात मुसक्यासह, रिकाम्या वेळी, घरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या हातात पट्टा देऊन न्या. आणि ज्यांना चावला त्यांच्या घरी जा, पण कुत्र्याला घेऊन नाही.